कांदा चाळ: साधी की पंख्याची?

एप्रिलअखेर उन्हाळ कांदा निघू लागला की निफाड-चांदवडकडे हा विषय निघतोच: कांदा साठवायची नवी चाळ साधी ठेवायची, की खालून हवा ढकलणारा पंखा बसवायचा? आमची साधी दुपाखी, म्हणजे दोन ओळींत ढीग असलेली, चाळ आहे, पण पंख्याला माझा विरोध नाही. फक्त पैसे घालण्याआधी ढिगात हवा कशी चालते ते समजून घ्या.

कांद्याचा ढीग म्हणजे सच्छिद्र माध्यम, ज्याच्या फटींतून हवा वाहू शकते. साठवलेला कांदाही श्वास घेतो, उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून-बाजूने गार हवा आत ओढली जाते. १९४५ मध्ये हॉर्टन आणि रॉजर्स, १९४८ मध्ये लॅपवुड या संशोधकांनी गणिताने दाखवलं, की खालून तापणाऱ्या बंदिस्त सच्छिद्र थरात रॅले अंक (गरम हवेची वर जायची ओढ आणि तिला होणारा अडथळा यांचं गुणोत्तर) सुमारे ४० च्या पुढे जाईपर्यंत हे अभिसरण सुरूच होत नाही. बाजू उघड्या असतील तर ही अट उरत नाही, आतबाहेरच्या तापमानातला थोडा फरकही पुरतो. चाळीच्या बाजूंना दिवसरात्र ताडपत्री गुंडाळून ठेवणारे हीच सोय घालवून बसतात.

साधी चाळ मे महिन्यात रात्री उत्तम चालते. दिवसा तापलेला कांदा, बाहेर गार हवा, वीजबिल शून्य. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, ढिगाची रुंदी चार फूट, उंची चार-पाच फूट, एवढं पाळलं तर मधल्या कांद्यापर्यंत हवा पोचते. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये. आतबाहेरचा फरक कमी, हवा दमट, मग सगळी भिस्त वाऱ्यावर.

पंख्याला तापमानातल्या फरकाची गरज नसते, म्हणून ढीग रुंद आणि उंच करता येतो. पण पावसाळी दमट हवा गार कांद्यावर सोडली तर दव धरतं आणि काजळी, म्हणजे काळी बुरशी, वाढते. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास ठेवायची, म्हणजे आर्द्रतामापक बघूनच बटण दाबायचं. हे रोज करणारं माणूस घरात नसेल तर पंखा घेऊ नका.

एका वर्षी मजुरांची घाई झाली आणि आम्ही गोलटी (बारीक कांदा), माती, सुटलेली टरफलं सगळं एकत्र भरलं. कडेचा कांदा टणक राहिला, मधला पट्टा सडला. कारण साधं आहे: कांद्याचा व्यास निम्मा झाला की ढिगाची हवा वाहू देण्याची क्षमता चौथाईवर येते, आणि माती उरलेल्या फटी बुजवते. पंख्यानेही हे सुटत नाही. हवा सैल जागेतून निघून जाते, गच्च जागा तशीच कोंदट राहते.

माझं मत: मोकळ्या, वाऱ्याच्या जागी ढीग चार फुटांत बसत असेल तर साधी चाळच बांधा. बंदिस्त शेड, भरपूर माल आणि भरवशाची वीज असेल तर पंखा घ्या. दोन्हीकडे पहिला खर्च प्रतवारीच्या मजुरीवर करा, आणि गोलटी वेगळ्या कप्प्यात भरून आधी विका.