खिशातला छोटा टॉर्च: तिन्ही ऋतू वापरून झाल्यावरचा अनुभव

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला छोटा टॉर्च आता उन्हाळा सरत आला तरी रोज खिशात आहे, पाऊस थंडी ऊन सगळं बघून झालंय म्हणून आता नीट लिहितो. आम्ही जुन्नर तालुक्यातले, घरची शेती आहे, ऊस कांदा आणि थोडी जनावरं, त्यामुळे माझा वापर शहरातल्या माणसापेक्षा जास्त हे उघडच आहे, पण पुण्याला भावाकडे जातो तेव्हाही हा रोज एकदा तरी खिशातून निघतोच. टॉर्च साधा आहे, १८६५० आकाराच्या एका रिचार्जेबल लिथियम सेलवर चालणारा, वीतभरही लांब नाही, टाइप-सीने चार्ज होतो, दोन्हीकडे तोंड करून अडकवता येते अशी क्लिप आणि बुडाला चुंबक. बॉक्सवर १००० ल्युमेन लिहिलंय, ल्युमेन म्हणजे टॉर्च एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप. किंमत दोन हजाराच्या आतली. याच धर्तीचे अजून बऱ्याच कंपन्यांचे मिळतात आणि फरक फार नसतो, म्हणून मॉडेलचं कौतुक करण्यापेक्षा तो कुठे उपयोगी पडतो आणि घेताना काय बघायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे ते १००० ल्युमेन विसरा. फुल मोडला दोन-तीन मिनिटांत टॉर्च तापतो आणि आपोआप उजेड उतरवतो, एवढ्याशा धातूतून उष्णता जाणार कुठे, हा बिघाड नाही, सगळ्याच छोट्या टॉर्चचं असं असतं. मी सगळ्यात जास्त वापरतो तो सगळ्यात खालचा मोड, एखाद-दोन ल्युमेनचा. रात्री तहान लागली, पोरं झोपलेली आहेत, माठापर्यंत जायचंय, एवढा उजेड पुरतो आणि कुणाची झोप मोडत नाही. शिवाय अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एकदा भगभगीत उजेड पडला की ते सगळं वाया जातं आणि टॉर्च बंद केल्यावर पुढचं पाऊलसुद्धा दिसत नाही. बहुतेक फोनचा टॉर्च इतका खाली जातच नाही. म्हणून घेताना सगळ्यात कमी मोड किती ल्युमेनचा आहे आणि बंद टॉर्च थेट त्या मोडला चालू होतो का ते आधी बघा, जास्तीत जास्त किती ते नंतर.

मोबाइल आहे की, मग वेगळा टॉर्च कशाला, असं मला सगळेच विचारतात. त्यांना मी म्हणतो एकदा रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला या. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट पाळीने असते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि रात्रीची पाळी आली की मोटर चालू करून पाण्यामागे फिरावंच लागतं. दोन्ही हातात खोरं, पाय चिखलात, हात ओले, अशा वेळी फोन धरणार कसा, आणि पाटात पडला तर वीस हजाराचा फोन गेला. टॉर्च टोपीच्या झापेला क्लिपने अडकवला की हात मोकळे. सरीच्या टोकाला पाणी पोचलं का, कुठे बांध फुटलाय का, उंदराच्या बिळातून पाणी शेजाऱ्याच्या रानात तर जात नाही ना, सगळं मधल्या मोडला, शंभरेक ल्युमेनमध्ये व्यवस्थित दिसतं. त्याआधी स्टार्टरच्या पेटीत उजेड टाकून बघायची सवय लावून घेतलीये, पेटी ओली आहे का, आत पाल बसलीये का, मगच हात घालायचा. फोनचा उजेड जवळ पसरट पडतो, दहा-पंधरा पावलांपुढे काहीच नाही, उसाच्या कडेला काय आहे ते कळायला लांब जाणारा झोत लागतो.

उसाच्या कडेचं म्हटलं की बिबट्या आलाच. आमच्या भागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर सगळीकडे उसात बिबटे आहेत, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते याच कारणाने. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात की रात्री एकटं जाऊ नका, हातात काठी आणि टॉर्च ठेवा, मोबाइलवर गाणी लावा किंवा मोठ्याने बोलत चला, रानात वाकून किंवा बसून काम करू नका कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा वाटतो. टॉर्च म्हणजे संरक्षण नाही हे आधी सांगतो, पण रानात पाय टाकायच्या आधी कडेने झोत फिरवून घेतला तर निदान चमकणारे डोळे दिसतात. कुत्रा, मांजर, गाय, बिबट्या सगळ्यांचे डोळे चमकतात, बुबुळाच्या मागे उजेड परतवणारा पडदा असतो म्हणून, त्यामुळे नुसत्या चमकीवरून ओळखायला जाऊ नका, जमिनीपासून उंची बघा आणि दोन डोळ्यांमधलं अंतर बघा आणि शंका आली की मागे फिरा, पाणी उद्या देता येतं. गवतात बारीक बारीक हिरवट ठिणग्या दिसल्या तर ते कोळी असतात, त्यांचेही डोळे चमकतात, आमच्या पोरांना आता ते शोधायचा नाद लागलाय.

खरी भीती मला बिबट्यापेक्षा सापाची वाटते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी, त्यातली मण्यार तर रात्रीच हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखतही नाही बऱ्याचदा, त्यामुळे चावल्याचं कळायलाच उशीर होतो. घोणस पालापाचोळ्यात पडून राहते आणि अजिबात हलत नाही. इथे एक गोष्ट वापरून वापरून लक्षात आली ती मुद्दाम लिहितो. टॉर्च कपाळापाशी किंवा डोळ्यांच्या रेषेत धरला तर समोरचं सगळं सपाट दिसतं, सावली वस्तूच्या मागे लपते. तोच टॉर्च कमरेच्या खाली, गुडघ्याजवळ धरून उजेड जमिनीला तिरका टाकला की प्रत्येक ढेकळाची, काडीची सावली पडते आणि वेटोळं घालून बसलेलं काही असेल तर ते उठून दिसतं. पायवाटेने चालताना म्हणूनच मी टोपीवरचा काढून हातात घेतो. सरपण काढताना, गोठ्यात वैरणीत हात घालताना, बूट घालायच्या आधी आतमध्ये, हे तीन ठिकाणचे तीन सेकंद कधीच टाळू नका. आणि चावलाच तर मांत्रिकबिंत्रिक काही नाही, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरची लस तिथे मिळते.

विंचवासाठी अतिनील उजेडाचा टॉर्च वेगळा मिळतो, त्या उजेडात विंचू अंधारात हिरवट-निळा चमकतो, अगदी फटीतला शेपटीचा तुकडासुद्धा दिसतो. मावशीचं घर कोकणात आहे, तिथे लाल विंचू पुष्कळ, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचे उपचार रूढ केले त्याआधी लाल विंचवाच्या दंशाने किती माणसं दगावायची ते जुनी माणसं अजून सांगतात. तिला तसला एक घेऊन दिला, झोपायच्या आधी ती अंथरुणाखालून फिरवते. फक्त तो उजेड डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही.

गोठ्यातला अनुभव थोडा वेगळा. गाय रात्री व्यायला झाली की मोठा बल्ब लावला तर ती बावरते, मग टॉर्च बुडावर उभा करून उजेड छताकडे टाकायचा, वरून परतून येणारा मऊ उजेड सगळ्या गोठ्याला पुरतो, लाइट गेल्यावर घरातही मी हेच करतो, तीनशे-चारशे ल्युमेनमध्ये अख्खी खोली उजळते आणि कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पण इथे उजेडाचा रंग महत्त्वाचा. स्वस्त एलइडी निळसर असतात, त्यात लाल रंग मेल्यासारखा दिसतो, रक्त कुठलं आणि शेण कुठलं कळत नाही, कासेचा लालसरपणा कळत नाही, दुधात गुठळ्या आल्यात का, पातळ पिवळं झालंय का हेही नीट दिसत नाही. टॉर्चच्या माहितीत सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० किंवा वर लिहिलेला असेल आणि रंग ४००० ते ५००० केल्विनच्या आसपास असेल तर घ्या, ल्युमेन थोडे कमी मिळतात पण जे दिसतं ते खरं दिसतं. पोराच्या तळपायातला बाभळीचा काटा काढताना, आईचा घसा बघताना याच रंगाचा फायदा होतो.

दिवसा टॉर्च लागतो हे मला घेण्याआधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. कांदा चाळीत खालच्या थरात कुठे पाणी सुटलंय, कुठे काळं पडायला लागलंय ते बाहेर लख्ख ऊन असताना आत बिलकुल दिसत नाही, जाळीतून झोत टाकला की सडका कांदा आधी सापडतो आणि शेजारचे वाचतात. बोअरमध्ये पाणी किती वर आहे ते बघायला आपल्याकडे आरशाने ऊन आत टाकतात, ढगाळ दिवशी तेच काम झोताने होतं. खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी आठवड्याने अंधारात टॉर्चच्या तोंडावर धरली की शिरांचं जाळं दिसतं, नसेल तर अंडं वांझ, काढून टाकायचं. ट्रॅक्टरच्या इंजिनात पडलेला नट, कपाटामागे गेलेलं पोरीचं कानातलं, गॅसच्या शेगडीखाली नळीला भेग पडलीये का, ही तर यादी न संपणारी आहे.

प्रवासात सगळ्यात उपयोगी पडला तो माळशेज घाटात. भर पावसात टायर बसला, धुकं इतकं की गाडीचं मागचं टोक दिसेना. बुडाचं चुंबक मडगार्डच्या पत्र्याला चिकटवलं, उजेड चाकावर, दोन्ही हात जॅक आणि पान्ह्याला मोकळे. धुक्यात फुल मोड वापरू नका, सगळा उजेड थेंबांवर आपटून परत डोळ्यांत येतो आणि पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, कमी मोड आणि टॉर्च खाली धरला तर रस्त्याची कड दिसते. ट्रेकला मात्र हेडलॅम्पच बरा, खिरेश्वरवरून तोलार खिंडीने हरिश्चंद्रगड रात्री चढायचा तर कातळाला धरायला हात लागतात, हा फक्त जोडीला दुसरा म्हणून ठेवावा.

शहरात म्हणाल तर भावाच्या सोसायटीत लाइट गेली की जिन्यात काळोख, म्हाताऱ्या काकूंना चौथ्या मजल्यावर सोडून यायचं काम माझ्याकडेच येतं. बेसमेंट पार्किंग, रात्री एमसीबी पडलेला मीटर बॉक्स, खड्ड्यांनी भरलेला फुटपाथ, आणि रस्त्याने चालताना टॉर्च हातात पेटता असला की गाडीवाल्याला आपण दिसतो, हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो.

आता तक्रारी. बाजूचं बटण खिशात दाबलं जातं, मांडीला चटका बसेपर्यंत कळत नाही आणि सेलही उतरतो. मागचं टोपण पाव फेरा सैल केलं की सर्किट तुटतं आणि तो प्रश्न मिटतो, पण अंधारात घाईत आधी फिरवायला लागतं. चुंबकाला आपल्या काळ्या मातीतले लोखंडी कण चिकटून मिशा फुटतात, मऊ पिठाचा गोळा दाबून काढतो, त्यातच निघतात. चार्जिंगच्या भोकावरची रबरी झाकणी हिवाळ्यातच सैल झाली, ती नीट बसली नाही तर पाणी आत जाणार, मग बॉक्सवरच्या आयपीएक्स८ ला, म्हणजे पाण्यात बुडाला तरी चालेल या दाव्याला, काही अर्थ उरत नाही. क्लिपही एकदा निसटून पाटात गेली, चिमट्याने दाबून घट्ट केली तेव्हापासून ठीक.

झोत किती लांब जातो याचे आकडे वाचताना एक लक्षात ठेवा, बॉक्सवर २०० मीटर लिहिलं असेल तर २०० मीटरवर फक्त पाव लक्स उजेड असतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तिथे काय उभं आहे ते ओळखता येत नाही, निम्मं अंतर धरून चाला.

सेलबद्दल कळकळीने सांगतो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ लांबी, चांगल्या कंपनीचा असा सेल २५०० ते ३५०० एमएएचचा असतो, एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप. बाजारात ९९०० लिहिलेले स्वस्तात मिळतात, ते आकडे खोटे आहेत, असले सेल घरात आणूच नका, लिथियम पेटला तर पाण्याच्या शिंतोड्याने विझत नाही. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट येतात, महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा असेल तर अर्धा भरून ठेवावा. विमानाने जाताना सुटे सेल हातातल्या बॅगेतच, प्लास्टिकच्या डबीत.

आईसाठी मी याच आकाराचा पण साध्या एए पेन्सिल सेलवर चालणारा घेतलाय, उजेड कमी आहे पण तिला चार्जिंगची वायर नको, सेल संपला की वाडीवरच्या दुकानात मिळतो आणि बटण मागे, एकच, दाबलं की चालू. तुमच्या घरी ज्येष्ठ माणसं असतील तर त्यांना हाच प्रकार द्या. फक्त साधे सेल पडून राहिले की आतल्या आत गळतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात, म्हणून गावाला जाताना ते काढून ठेवायला सांगा.