अंगणातलं तळं, दोन कासवं आणि ग्वाल्हेरची थंडी : अकरा महिन्यांनंतर

आधी निकाल सांगते, मग रडगाणं. लाल कानाची (रेड-इअर्ड स्लायडर जातीची) दोन कासवं काचेच्या टाकीतून अंगणातल्या तळ्यात हलवली, त्याचा मला जराही पस्तावा नाही. पण हिवाळ्याचा माझा हिशेब साफ चुकला. ग्वाल्हेरची थंडी कासवांच्या दृष्टीने अर्धवट असते आणि मी नेमकी तिथेच फसले.

कासवं खरं तर चिरंजिवांची. सहा वर्षांपूर्वी नाण्याएवढी दोन पिल्लं घेऊन आला. 'एवढीच राहतात हो' असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. चिरंजीव शिकायला पुण्याला गेले आणि कासवं माझ्या गळ्यात पडली. आज मादीची पाठ ८ इंच आहे, वजन सव्वा किलोच्या वर. नर ५ इंचांचा. मादी १० इंचांपर्यंत सहज वाढते आणि नीट सांभाळली तर ही जात २५-३० वर्षं जगते, हे दुकानात कोणी सांगत नाही. मादीचं नाव मुलाने बायजा ठेवलं. ते इथल्या शिंद्यांच्या राणीचं नाव, म्हणून सासूबाईंना पहिल्या दिवसापासून खुपतं. 'बायजाबाईसाहेब म्हण, नाहीतर दुसरं नाव ठेव. शिंद्यांच्या गावात राहतोस!' नर तात्या. त्याला कोणाची हरकत नाही.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या घरांना असतो तसा आमच्याही मागे लांबट चौक आहे. तिथे गेल्या मार्चमध्ये गवंड्याकडून तळं बांधून घेतलं : ८ फूट लांब, ५ फूट रुंद, अडीच फूट खोल, एका टोकाला चढून बाहेर यायला उतार. पाणी काठापासून सहा इंच खाली ठेवते, म्हणजे साधारण २००० लिटर. पाठीच्या दर इंचामागे ४० लिटर पाणी हा ढोबळ नियम धरला तर या दोघांना सव्वापाचशे लिटर पुरलं असतं. पण जास्तीचं पाणी हीच खरी चैन आहे. पाणी जितकं जास्त, तितकं ते उशिरा घाण होतं, उशिरा तापतं आणि उशिरा गार पडतं.

नव्या सिमेंटच्या तळ्यात लगेच प्राणी सोडू नका. चुना सुटत राहतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, लाल लिटमसचे कागद हाताशी होते. पहिल्या पाण्यात बुडवला तो बघता बघता निळा झाला. तीन आठवड्यांत चार वेळा भरून रिकामं केलं, तेव्हा कुठे कागदाचा रंग बदलेनासा झाला. गवंडी म्हणाला, 'बाई, इतकं तर लोक प्यायच्या टाकीलाही करत नाहीत.'

काठावरची फरशी आतल्या अंगाला चार इंच पुढे काढली आहे, म्हणजे भिंत चढून आलेलं कासव तिथे अडतं. वर वेल्डमेशच्या जाळीची झाकणं. आमच्याकडे माकडं येतात, मुंगूस तर रोजचंच. जाळीवर काटकसर करू नका. फिल्टर घरीच केला : ५० लिटरचा ड्रम, खडी, स्पंज आणि पाण्यात बुडवायचा पंप. मासे पाळलेल्यांनी जुना अंदाज विसरावा, कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. नळाच्या क्लोरीनने त्यातले कामाचे जिवाणू मरतात.

एप्रिलमध्ये दोघं तळ्यात गेले आणि पंधरा-वीस दिवसांतच फरक दिसू लागला. घरात असताना मी टाकी खिडकीशी ठेवून 'ऊन मिळतं' अशी समजूत करून घेतली होती. काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण कवचाच्या हाडासाठी लागणारे अतिनील किरण काचेतच अडतात. बाहेर आल्यावर दोघं सकाळी नऊपासून उतारावर येऊन ऊन खात बसायची : मागचे पाय सुपासारखे पसरलेले, मान लांब, डोळे मिटलेले. मेमध्ये एक दिवस पाण्यावर कांद्याच्या सालीसारखे पारदर्शक पापुद्रे तरंगताना दिसले आणि मी घाबरले. ते बायजाच्या पाठीवरच्या ढालींचे जुने थर होते. एकेक अख्खा निघालेला, त्यावर खालच्या नक्षीचा फिकट ठसा. खाली नवं कवच काळंभोर हिरवं. इतकी वर्षं ते थर एकावर एक साचले होते.

उन्हाळ्याचं थोडक्यात. इथे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. अर्ध्या तळ्यावर हिरवी जाळी टाकली नसती तर कासवांचं सार झालं असतं. रोज दोन-तीन बादल्या पाणी उडतं. ड्रममध्ये रात्रभर ठेवलेलं पाणीच वरून घालायचं. अझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती, तो सोडला होता, सावलीसाठी. बायजाने आठवड्यात फस्त केला. मोठी झाली की ही कासवं बरीचशी शाकाहारी होतात, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

पावसाळ्यातला मोठा प्रसंग जुलैचा. रात्रभर पाऊस, सांडपाण्याच्या नळीत कडुनिंबाचा पाला अडकला आणि पाणी फरशीला टेकलं. त्या रात्री जाळीचं एक झाकण नीट लागलं नव्हतं, ती चूक माझीच. सकाळी सासूबाई पूजेला गेल्या तर तात्या तुळशीवृंदावनापाशी! मी पोहोचेपर्यंत त्यांनी त्याच्या पाठीला हळदकुंकू लावून नमस्कारही केला होता. 'कूर्मावतार आपल्या पायांनी आला, आणि तू ओरडतेस काय?' हळदकुंकू मी हळूच धुतलं आणि सासूबाईंचे हात साबणाने धुवायला लावले, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. लहान मुलं पिल्लांना तोंडात घालतात म्हणून अमेरिकेत ४ इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून बंदी आहे. नळीच्या तोंडाला आता गाळणी लावली आहे.

आता हिवाळा.

ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. तिथे कडक थंडी पडते, त्यामुळे थंडी काढणं हे यांच्या रक्तातच आहे. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की ती तळाशी जाऊन निपचित पडतात. हृदय मंदावतं, भूक संपते, लागेल तेवढा थोडासा प्राणवायू ती पाण्यातूनच शोषून घेतात. तळं पुरेसं खोल असेल तर वर बर्फ जमला तरी तळाशी पाणी राहतं, कारण पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांना. हे सगळं वाचून मी निश्चिंत झाले. ग्वाल्हेरला बर्फ कुठे पडतो? इथे तर कासवांची मजाच.

पण इथे रात्री पारा पाच-सहावर आणि ऊन पडलं तर दुपारी बावीस. तळ्याच्या तळाशी सकाळी थर्मामीटर ११-१२ दाखवायचा, दुपारी वरचं पाणी सोळा-सतरा. म्हणजे धड झोपही नाही, धड जागही नाही. १५ अंशांच्या खाली यांचं पचन जवळजवळ थांबतं, खाल्लेलं पोटात कुजतं. मी नोव्हेंबरअखेरीस खाणं बंद केलं ते बरोबरच होतं. पण डिसेंबरच्या शेवटी एका उन्हाच्या दुपारी आम्ही चौकात गजक (इथली तिळाची मिठाई) खात बसलो होतो आणि तात्या काठाशी येऊन मान ताणून बघत राहिला. मला राहवलं नाही. कासवांच्या खाण्याचे चार-पाच दाणे टाकले. ते त्याने खाल्लेही.

त्यानंतर धुकं आलं, ते आलंच. दहा-बारा दिवस सूर्य म्हणून दिसला नाही. ऊन खाणं बंद, पाणी गार, पोटात ते दाणे. जानेवारीच्या मध्यावर तात्या पाण्यावर तिरका तरंगताना दिसला, उजवी बाजू खाली. नाकाशी एक बुडबुडा यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करते. ३६० ग्रॅमचं ३२० झालं होतं. तिरकं तरंगणं आणि नाकातले बुडबुडे ही फुफ्फुसाच्या संसर्गाची ठळक खूण. दिसली तर 'उद्या बघू' म्हणू नका.

पहिल्या डॉक्टरांनी कासव हातात घ्यायलाच नकार दिला. दुसऱ्यांनी घेतलं आणि प्रतिजैविकाची इंजेक्शनं पुढच्या पायात दिली. मागच्या पायात दिलं तर तिथलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं आणि औषध वाया जातं, हे त्यांनी आपणहून समजावलं, तेव्हा मला धीर आला. तात्या तीन आठवडे जुन्या काचेच्या टाकीत, २८ अंशांच्या पाण्यात. वाचला.

मधे मी एक मूर्खपणा केला तोही लिहिते. तळ्यात टाकायला ३०० वॅटचा हीटर आणला. थर्मामीटर ढिम्म हलेना. मग कागद-पेन्सिल घेतली : २००० लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण सव्वादोन युनिट वीज लागते. ३०० वॅटला त्यासाठी पावणेआठ तास हवेत, तेही उघड्या तळ्यातून ऊब अजिबात उडाली नाही तर. ती उडतेच. नववीच्या मुलांना मी हेच गणित दरवर्षी घालते! हीटर शेवटी तात्याच्या टाकीला कामी आला, म्हणून पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत.

बायजा मात्र सगळा हिवाळा बाहेरच राहिली. सव्वा किलोचं अंग, पोट रिकामं, रात्री बांबूवर टाकलेला प्लास्टिकचा कागद, ऊन पडलं की कागद बाजूला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी अठराच्या वर टिकलं, तेव्हा तिने पहिलं पान खाल्लं. यंदा मी धडधाकट मोठं कासव बाहेर ठेवीन आणि लहान किंवा जरा जरी मलूल दिसणारं असेल ते धुक्याचे सहा आठवडे घरात, ऊबदार पाण्यात. अधलंमधलं काही नाही. आणि काठाशी येऊन कोणी कितीही मान ताणली तरी एक दाणा नाही.

हा त्रास वाचून कोणी म्हणेल, सोडून द्या चंबळेत. मला दोघा-तिघांनी हे सुचवलं, एकाने तर सागरताल म्हणून जवळची जागाही दाखवली. कृपा करून असं करू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत हे कासव आहे. चंबळेत लाल डोक्याच्या साळ कासवासारखी, जगातून नाहीशी होत चाललेली कासवं कशीबशी तग धरून आहेत. त्यांच्या ऊन खायच्या जागांवर आपल्या घरातलं लठ्ठ पाहुणं कशाला? उलटही तितकंच खरं : शेततळ्यात सापडलेलं देशी कासव घरी आणून पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शेजारच्या वहिनींच्या भावाने असं एक बादलीतून आणलं होतं, ते मी त्याच दिवशी जिथून आणलं तिथे परत न्यायला लावलं. त्यांचं आमचं महिनाभर बोलणं नव्हतं.

होळीनंतर गवंडी पुन्हा येणार आहे. तळ्याचं एक टोक चार फूट खोल करून घ्यायचं आहे, म्हणजे तिथलं पाणी दिवसरात्रीत इतकं वरखाली होणार नाही. मार्चमध्ये तापायला उशीर लागेल, तो चालेल. शिवाय कडेला दीड फूट खोल मऊ मातीचा वाफा हवाय. गेले आठ दिवस बायजा उतारावरच्या सिमेंटवर मागच्या पायांनी खरवडते आहे. अंडी घालायला माती मिळाली नाही तर ती पोटातच अडकतात. तोवर तिच्यासाठी बागेतल्या मातीने भरलेलं घमेलं ठेवलं आहे. सध्या त्यात ती नुसतीच बसून असते आणि सासूबाई येताजाता विचारतात, 'बाईसाहेबांचं झालं का?'