पेशीभित्तिकेच्या वाढीसाठी कुठलं मॉडेल घ्यावं?

वाढत्या वनस्पतिपेशीचं मॉडेल करायचं म्हटलं की पुष्कळ जण आधी सॉफ्टवेअर शोधतात. निवड खरं तर मोजमापांवर ठरते.

नुसती लांबी आणि टर्गर दाब (पेशीतलं पाणी भित्तिकेवर आतून देतं तो दाब) मोजता येत असेल, तर लॉकहार्टचं १९६५चं समीकरण घ्या: सापेक्ष वाढीचा दर = प्रसरण गुणांक × (टर्गर दाब − उंबरठा दाब). प्रसरण गुणांक म्हणजे भित्तिका किती सहज ताणली जाते ते, आणि उंबरठा म्हणजे ज्याच्या खाली वाढ होत नाही तो दाब. दिसायला सोपं, पण एकाच दाबावर मोजलंत तर फसाल. समजा दाब ०.५ मेगापास्कल आहे आणि वाढ ताशी २ टक्के. उंबरठा ०.३ धरला तर प्रत्येक मेगापास्कलमागे गुणांक ताशी ०.१ येतो, ०.४ धरला तर ०.२. दोन्ही जोड्या चपखल बसतात! दाब ०.४५ वर आणा, मग पहिली जोडी ताशी दीड टक्का सांगते आणि दुसरी एक. म्हणजे किमान दोन दाब हवेत, आणि मोजायचं तेही लवकर. दाब उतरवल्यावर पेशी थोड्या वेळात उंबरठाच खाली आणते. नायटेला शैवालात हे १९७१ मध्येच दिसलं होतं.

लवकर मोजायला जावं तर भित्तिका रबरासारखी आखडते, तो वेगळाच घोळ. लवचीकता गुणांक १० मेगापास्कल असेल तर दाबातल्या ०.०५च्या घटीने पेशी लगेच अर्धा टक्का आक्रसते, म्हणजे पंधरा मिनिटांची वाढ पुसली जाते. ओर्टेगाने १९८५ मध्ये नेमका हा लवचीक भाग समीकरणात घातला. दाब बदलणारा कुठलाही प्रयोग असेल तर लॉकहार्टऐवजी हेच वापरावं.

प्रश्न आकाराचा असेल तर ही दोन्ही समीकरणं अपुरी. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या आणि ०.२ मायक्रोमीटर जाड भित्तिकेच्या नळकांड्यात ०.५ मेगापास्कल दाबाला परिघाच्या दिशेने २५ मेगापास्कल ताण येतो, लांबीच्या दिशेने १२.५. भित्तिका सगळीकडे सारखी धरली तर मॉडेलमधली पेशी फुगत जाते. तिला लांबट ठेवतात ते आडवे सेल्युलोज तंतू. इथे फायनाइट एलिमेंट (भित्तिकेचे लहान तुकडे पाडून प्रत्येकाचं गणित करणारी पद्धत) लागतं, तेही दोन दिशांना वेगळे गुणांक देऊन. एएफएमच्या (अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या) सुईने मिळालेला आकडा मात्र त्यात जसाच्या तसा घालू नये: सुई भित्तिकेला लंब दाबते, वाढ तिच्या पातळीत होते.

प्रयोगात पीएच, कॅल्शियम किंवा एन्झाइम बदलत असाल तर रेणूंमधले जोड बनण्या-तुटण्याचे दर धरणारं मॉडेल घ्या. त्यात उंबरठा आपण बाहेरून ठरवत नाही, तो जोडांच्या गणितातूनच येतो. खरी कसरत पेक्टिनची, म्हणजे भित्तिकेतल्या जेलीसारख्या शर्करा-साखळ्यांची. त्यांच्यावरचे मेथिल गट निघाले की कॅल्शियम साखळ्या बांधतं आणि भित्तिका कडक होते, हा नियम परागनलिकेला (परागकणातून फुटणाऱ्या नळीला) लागू पडतो. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाच्या अग्रस्थ विभाजी ऊतीत (शेंड्याच्या वाढत्या टोकात) नेमकं उलट, भित्तिका मऊ पडल्याचं आढळलं आहे. गट सलग निघाले की विखुरलेले, पेक्टिन कापणारी एन्झाइमं जवळ आहेत का, यावर सगळं अवलंबून. तेव्हा हा नियम कोडमध्ये कायमचा ठोकू नका, परिणामाचं चिन्ह (कडक की मऊ) बदलता येईल असं ठेवा. एक्सपान्सिन (भित्तिका सैल करणारं प्रथिन) घालायचं असेल तर ते साखळ्या कापत नाही, आम्ल पीएचला त्यांची आपसातली पकड सैल करतं. म्हणून मॉडेलमध्ये साखळ्यांची लांबी तीच ठेवून जोड सुटण्याचा दर वाढवायचा.

रेणुपातळीचं सिम्युलेशन, उदाहरणार्थ कांद्याच्या बाह्यत्वचेवर २०२१ मध्ये झालेलं, तंतू एकमेकांवरून कसे सरकतात ते दाखवतं. तासन्‌तास चालणारी वाढ त्यात मावत नाही.