नागपूरहून डेल्टा राईड: कोनसीमा, कोरिंगा की दिवीसीमा?

डिसेंबर-जानेवारीत चार-पाच दिवस सुट्टी काढून सायकल घेऊन कुठं जायचं हे सध्या बरेच जण विचारून राहिले. रामटेक, खिंडसी सगळ्यांचं पाठ झालंय, घाटात जायचं तर सगळ्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. मी गेली काही वर्षं एकच उत्तर देतो, नदीच्या मुखाकडं जा. डेल्टा म्हणजे त्रिभुज प्रदेश, शाळेत नकाशात पाहिलेला, पण सायकलवरून तो पाहिला की नदी या प्रकाराबद्दलची आपली समजच बदलते.

आणि नागपूरकरासाठी त्यात एक जास्तीची गोष्ट आहे. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, पुढं गोसीखुर्द धरण, मग वर्धा येऊन मिळाली की तिचं नाव प्राणहिता, आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. म्हणजे अंबाझरी तलावावर सकाळी आपण जे पाणी बघतो ते शेवटी आंध्रात गोदावरीच्या मुखातून समुद्रात जातं. मी पहिल्यांदा गेलो तो फक्त यासाठी, की आपलं पाणी कुठं जातं ते एकदा डोळ्यानं बघायचं होतं.

आता पर्याय तीन. गोदावरीचा कोनसीमा, त्याच गोदावरीच्या उत्तर टोकाचं कोरिंगाचं खारफुटीचं जंगल, आणि थोडं दक्षिणेला कृष्णेच्या मुखाजवळची दिवीसीमा. चौथं नाव लोक ओडिशातल्या भितरकनिकाचं घेतात, त्याचं आधीच सांगून टाकतो. जागा अप्रतिम आहे, पण तिथं खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी आहेत, खरं जंगल बोटीतूनच बघायचं असतं, आणि १ मे ते ३१ जुलै मगरींच्या विणीसाठी पार्क बंद असतो. घरच्यांना घेऊन जरूर जा, सायकल मात्र घरी ठेवा.

कोनसीमापासून सुरू करू, कारण सांगण्यासारखं तिथंच जास्त आहे. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरी फुटते, एक फाटा गौतमी, दुसरा वसिष्ठा, पुढं वसिष्ठेतूनच वैनतेया निघते, आणि या फाट्यांच्या मधली जमीन म्हणजे कोनसीमा. धवळेश्वरमला १८५२ साली आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरनं बंधारा पूर्ण केला आणि तिथून कालव्यांचं जाळं निघालं, त्याच्याआधी याच भागात दुष्काळानं माणसं मरत होती. आज तिथं कॉटनच्या नावाचं म्युझियम आहे आणि लोक त्याचं नाव फार आदरानं घेतात. सायकलवाल्याला या इतिहासाचा थेट फायदा असा, की प्रत्येक कालव्याला काठ आहे आणि बऱ्याच काठांवर रस्ता आहे, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भात आणि नारळ, वरून सावली. डिसेंबरात सकाळी सहाला निघालात तर धुकं असतं, पाण्यावरून वाफ निघत असते, आणि किलोमीटरमागून किलोमीटर गिअर बदलायचं कामच पडत नाही.

चढ म्हणजे फक्त पूल. पण वारा विसरू नका, दुपारनंतर समुद्राकडून येतो तेव्हा सपाट रस्त्यावरसुद्धा मांड्या भरून येतात. थंडीत एकूण वारा ईशान्येकडून असतो, म्हणून काकीनाडाकडून नरसापूरकडं, म्हणजे नैऋत्येला जायचं, उलटं नाही. आम्ही पहिल्या वेळी उलटं गेलो आणि ७० किलोमीटरला १०० चा थकवा आला, दुसऱ्या वेळी तोच रस्ता बरोबर दिशेनं केला तर दुपारच्या जेवणाआधी पोचलो.

माणसांच्या बाबतीत कोनसीमा सगळ्यात सोपा. दर चार-पाच किलोमीटरवर गाव, चहा, शहाळं, पंक्चरवाला. गावांच्या नावात शेवटी ‘लंक’ आलं की समजायचं हे नदीतलं बेट होतं किंवा आहे, एदुर्लंक, कडियपुलंक अशी नावं नकाशात वाचत गेलं तर नदी पूर्वी कुठून वाहायची ते आपोआप कळत जातं. कडियपुलंकच्या आसपास रोपवाटिका आहेत, इतक्या की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलंच फुलं. आत्रेयपुरमला पूतरेकुलु नक्की खा, तांदळाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्यात गूळ-तूप भरलेलं असतं, त्याला २०२३ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळाला. तिथल्या बाया तापलेल्या उलट्या मडक्यावर पिठाचं पाणी फिरवून एका क्षणात पापुद्रा उचलतात, ते बघायला थांबाच.

पण ज्याला जंगल, निसर्ग, शांतता हवी त्याला कोनसीमा थोडा निराश करेल, हे प्रामाणिकपणे सांगतो. ही सगळी हिरवळ माणसानं राखलेली आहे, जंगल नाही. समुद्राकडं गेलं की भाताच्या जागी कोळंबीचे तलाव दिसतात, त्यात फिरणारी हवेची पंख्यांसारखी यंत्रं, आणि त्या तलावांमुळं आजूबाजूची जमीन खारट होते ही तिथल्या शेतकऱ्यांची खरी काळजी आहे. शिवाय हाच गॅसचा पट्टा, पासरलपुडीला १९९५ च्या जानेवारीत विहिरीला आग लागली ती दोन महिन्यांवर जळत होती, मोठी माणसं अजून त्याबद्दल बोलतात. आणि २१६ नंबरच्या हायवेवर ट्रक भरपूर, म्हणून जमेल तिथं हायवे सोडून काठाचा रस्ता धरायचा, चार किलोमीटर जास्त पडले तरी चालतील.

कोरिंगा याच्या अगदी उलट. काकीनाडापासून वीसेक किलोमीटर, अभयारण्य साधारण २३५ चौरस किलोमीटरचं, १९७८ पासूनचं. इथं मासेमार मांजर आहे, पाणमांजर आहे, आणि खारफुटीची दाटी अशी की आत वाराच लागत नाही. पण सायकलीनं तुम्ही गेटपर्यंत जाणार, पुढं लाकडी पायवाट आहे ती चालत जायची. म्हणून नुसत्या कोरिंगासाठी नागपूरहून सायकल घेऊन जाण्यात अर्थ नाही, चाळीस किलोमीटर जाऊन-येऊन झालं की राईड संपली. तरी हे वगळू नका असं मी हट्टानं सांगतो. भरती-ओहोटीला ती पायवाट दोनदा बघा. ओहोटीला चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली श्वासमुळं दिसतात, पिटुकले खेकडे त्यांच्यामधून पळतात, आणि भरतीला तेच सगळं पाण्याखाली. १८३९ च्या वादळात कोरिंगा हे भरभराटीचं बंदर जवळजवळ पुसलं गेलं. या किनाऱ्यावर खारफुटी कशाला पाहिजे हे तिथं कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

कोरिंगाहून पुढं दहा-बारा किलोमीटरवर यानम, १९५४ पर्यंत फ्रेंचांकडं होतं आणि आज पुदुच्चेरीचा भाग आहे, चहूबाजूंनी आंध्र. गौतमीच्या काठावर संध्याकाळी बसायला छान जागा आहे, मुक्कामाला ठीक.

दिवीसीमा मात्र वेगळ्या स्वभावाच्या माणसासाठी. विजयवाड्याहून कृष्णेच्या डाव्या काठानं पूरबांध जातो, त्याला तिकडं करकट्ट म्हणतात, त्यावरून अवनिगड्डापर्यंत साधारण ७० किलोमीटर, उजवीकडं नदीचं रुंद पात्र, केळी, ऊस, हळद. वाटेत थोडं वाकडं जाऊन कुचिपुडी गाव लागतं, हो, तेच नाचाचं. दुसऱ्या दिवशी अवनिगड्डाहून हंसलदीवी, जिथं कृष्णेचा एक फाटा समुद्राला मिळतो. शेवटचे काही किलोमीटर एकदम ओसाड, खाजण, बाभळी, बगळे, आणि आकाश इतकं मोठं की आपण फार लहान वाटतो. तिन्हींत सगळ्यात जास्त मोकळा निसर्ग इथंच मिळतो आणि पक्षी बघणाऱ्यानं दुसरा विचारच करू नये.

पण सोयी कमी. शेवटच्या टप्प्यात सावली नाही, पाणी नाही, दुकानं नाहीत, वेड्या बाभळीचे काटे टायरमध्ये घुसतात म्हणून टायरमध्ये सीलंट, म्हणजे बारीक छिद्र आपोआप बुजवणारं द्रव, भरूनच जा, आणि मुक्काम हंसलदीवीला न करता अवनिगड्डालाच ठेवा, उजेड असतानाच परत फिरा. एकट्यानं जाऊ नका. १९ नोव्हेंबर १९७७ च्या वादळात समुद्र या भागात कित्येक किलोमीटर आत आला आणि हजारो माणसं गेली, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवामान खात्याचा इशारा असला तर तिकीट रद्द करायचं, वाद घालायचा नाही. हे तिन्ही जागांना लागू आहे.

आता निवडायचं कसं. पहिल्यांदा जाताय, ग्रुपमध्ये कोणी नवशिक्या आहे, किंवा बायको-पोरगी सोबत आहे तर कोनसीमा आणि कोरिंगा जोडून करा. पहिला दिवस काकीनाडा ते कोरिंगा ते यानम, तीसेक किलोमीटरच, म्हणजे जंगलाला वेळ मिळतो. दुसरा दिवस यानम ते अमलापुरम, साधारण ३५. तिसरा दिवस अमलापुरमहून अंतर्वेदी, पन्नासच्या वर, तिथं वसिष्ठा समुद्राला मिळते, दीपस्तंभ आहे, नरसिंहाचं देऊळ आहे. मग सखिनेटिपल्लीच्या रेवाला, म्हणजे नावेच्या धक्क्याला येऊन सायकलीसकट नावेनं पलीकडं नरसापूर, तिथं रेल्वे स्टेशन. तुमच्या हातात दोनच दिवस आहेत, पाय तयार आहेत आणि गर्दी नको तर दिवीसीमा, कारण विजयवाडा नागपूरहून थेट गाडीनं एका रात्रीत येतं आणि गाडी बदलायची भानगड नाही. काकीनाडाला विजयवाड्याहून पुढं सामलकोट मार्गे जावं लागतं, त्यात अर्धा दिवस जातो तो धरून चला.

मला विचाराल तर मी पुन्हा गोदावरीच धरेन. कोनसीमातल्या शेतात हात घातला तर माती काळी, चिकट, आपल्या कुही-भिवापूरकडच्या रानासारखी. दख्खनच्या काळ्या दगडाची झीज नदीनं हजारो वर्षं इथं आणून टाकलेली आहे, त्यात आपल्या भागाचाही वाटा आहे. पाऊस झाल्यावर ती मडगार्डमध्ये कशी बसते हे वैदर्भी माणसाला सांगायला नको, म्हणून ओल्या मातीच्या बांधावर सायकल घालू नका, डांबरी काठच धरा.

सायकल कोणतीही चालेल, ३५ मिलिमीटरच्या आसपास रुंद टायर असलेली हायब्रिड सगळ्यात बरी. घरी आल्यावर चेन आणि कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या) गोड्या पाण्यानं धुवून, वाळवून, तेल घालायचं, खारी हवा चार दिवसात गंज आणते. संक्रांतीच्या आठवड्यात जायचं असेल तर तिकिटं आणि लॉज फार आधी बघा, बाहेरगावी गेलेला सगळा कोनसीमा तेव्हा घरी येतो. पण कनुमाच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, जग्गन्नतोटाला गावोगावच्या उंच रंगीत प्रभा, म्हणजे देवाच्या सजवलेल्या बांबूच्या चौकटी, खांद्यावर घेऊन लोक कालव्याच्या पाण्यातून जातात, ते बघायला मिळणार असेल तर गर्दी सोसून जा.