खडकातून जाणाऱ्या म्यूऑनसाठी ‘प्रपोजल’: दोन महिन्यांच्या वापरानंतर

सिंहगडासारख्या बेसाल्टच्या डोंगरातून वैश्विक किरणांतील किती म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण त्याहून बरेच जड कण) आरपार जातील, हा प्रश्न आम्ही पुण्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी घेतला आणि त्याकरिता जर्मनीतील डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठात विकसित झालेली ‘प्रपोजल’ ही कणांचा पदार्थातील प्रवास संगणकावर अनुकरणाने मोजणारी मुक्त संगणकप्रणाली वापरली. जावा भाषेतील जुन्या ‘एमएमसी’ (म्यूऑन मॉन्टे कार्लो) या प्रणालीची ही सी प्लस प्लसमधील वारस असून अंटार्क्टिकाच्या बर्फातील आइसक्यूब या न्यूट्रिनो-शोध प्रयोगातही ती वापरली जाते. पायथनमधून ती विनासायास चालते. पहिल्या वेळी ती आकडेवारीचे तक्ते तयार करते, तेवढा वेळ मात्र थांबावे लागते.

अशा प्रणालीची गरज का पडते, हे आधी सांगायला हवे. १०० जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा म्यूऑन मुख्यतः आयनीभवनाने, म्हणजे वाटेतील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करण्यात ऊर्जा खर्चून, मंदावतो आणि साधारण दीडशे मीटर खडकात थांबतो. तेथे सरासरीचे सूत्र पुरते. १० टीईव्हीला (१०,००० जीईव्ही) मात्र फोटॉन-उत्सर्जन, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीनिर्मिती आणि अणुकेंद्राशी होणाऱ्या आंतरक्रिया वरचढ ठरतात, आणि एखादा म्यूऑन एकाच धक्क्यात निम्मी ऊर्जा गमावू शकतो. अशा वेळी सरासरी पल्ला सांगून भागत नाही, पल्ल्यांचा विस्तार हवा असतो.

‘प्रपोजल’चे खरे कौशल्य येथे आहे. अत्यल्प ऊर्जेच्या फोटॉनांची संख्या अमर्याद वाढत जात असल्यामुळे प्रत्येक धक्का स्वतंत्रपणे मोजणे अशक्य असते. म्हणून ठरावीक मर्यादेखालचे ऊर्जेचे ऱ्हास सलग धरले जातात आणि वरचे एकेक करून सोडतीने, म्हणजे यादृच्छिकपणे, काढले जातात. ही मर्यादा वापरणाऱ्याने ठरवायची असते. आम्ही ती म्यूऑनच्या ऊर्जेच्या ५ टक्क्यांवर ठेवली, तेव्हा मोठा धक्का न बसलेले सगळे म्यूऑन नेमक्या एकाच ऊर्जेने बाहेर पडले आणि आलेखात कृत्रिम सुळका उभा राहिला. सलग ऱ्हासातही यादृच्छिक चढउतार मिसळण्याचा पर्याय सुरू करताच तो विरघळला. मर्यादा ०.१ टक्क्यावर आणूनही तेच साधते, पण वेळ पुष्कळ लागतो. विद्यार्थ्यांना मी हा सुळका मुद्दाम पाहायला लावतो.

माध्यमाबाबत सावध राहावे. प्रणालीतील ‘प्रमाण खडक’ अणुक्रमांक ११, अणुभार २२ आणि घनता २.६५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असा मानलेला आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे २.९ घनतेचा आहे. शिवाय त्यात लोह आणि कॅल्शियम असल्याने, फोटॉन-उत्सर्जन आणि जोडीनिर्मितीतून होणारा, अणुक्रमांकाच्या वर्गाप्रमाणे वाढणारा ऊर्जेचा ऱ्हास त्यात अधिक होतो. नुसती घनता बदलून काढलेले उत्तर म्हणूनच कच्चे समजावे.

धक्क्यांतून पुढे निर्माण होणारे कणवर्षाव किंवा शोधकातील (कण टिपणाऱ्या उपकरणातील) संकेत हवे असतील, तर इतर प्रणालींची जोड द्यावी लागते. काही मीटरच्या शोधकासाठी मी जिआंट-४ ही कणांच्या अनुकरणाची दुसरी प्रणाली घेईन. शेकडो मीटर खडकासाठी मात्र ‘प्रपोजल’च.