निकोटिन गम, २ मिलीग्रॅम : मावा सुटतोय

२२ वर्षं मावा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्ला. डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला, तेव्हा हादरलो. शिवाजी पेठेतले माझे दोन दोस्त कट्टर विरोधी पक्षांचे. मावा सोडायला निकोटिन गमची गोळी घ्यावी का, यावर एक म्हणाला, "अंबाबाईची शपथ घे, गोळीतबी निकोटिनच हाय." दुसरा म्हणाला, "तंबाखू तर सुटंल की!" पण दोघांच्याही घरातलं माणूस तोंडाच्या कॅन्सरनं गेलंय. शेवटी दोघंही मेडिकलात माझ्याबरोबर आले.

ही गोळी चघळत सुटायची नाही. तिखट लागली की गालात दाबून धरायची. आधी १५ मिनिटं चहा बंद, हेच जड जातं. पहिल्या आठवड्यात उचक्या लागल्या. रोज ९ लागायच्या, आता ४. मावा शून्य. महाग आहे, तरी घ्याच. संध्याकाळी रंकाळ्यावर दोघं मिळून माझ्या गोळ्या मोजतात.