अ‍ॅल्युमिनियमवरच्या तयार टीएलसी प्लेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टीएलसी म्हणजे पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी: थरावर लावलेल्या स्पॉटमधले पदार्थ वर चढणाऱ्या सॉल्व्हंटबरोबर कमीजास्त सरकून वेगळे होतात. २० × २० सेंमीची प्लेट, ०.२ मिमी सिलिकाचा थर, २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही प्रकाशात हिरवा चमकणारा. काचेच्या प्लेटपुढे हिची मोठी सोय म्हणजे हव्या तेवढ्या पट्ट्या कात्रीने कापता येतात. मात्र कात्री धारदारच हवी. बोथट असली की कडेच्या सिलिकाचा भुगा होतो आणि तिथून सॉल्व्हंट वाकडा चढतो. स्पॉट कडेपासून निदान ५ मिमी आत ठेवावेत.

‘प्लेटच खराब आहे’ असं वाटतं तेव्हा बहुतेकदा चूक स्पॉट लावण्यात असते. १ मिलिलिटरमध्ये १० मिग्रॅ एवढं द्रावण पुरतं. बारीक केशनळी नुसती टेकवायची. स्पॉट २ मिमीच्या आत हवा आणि सिलिका खरवडली जाता कामा नये. माल जास्त झाला की शेपूट सुटते, जवळजवळचे दोन स्पॉट एकच दिसतात. माल कमी करूनही शेपूट राहिली, तर अमाइनसाठी सॉल्व्हंटमध्ये १ टक्का ट्रायइथिलअमाइन घालावं, आम्लासाठी तेवढंच अ‍ॅसेटिक आम्ल.

स्पॉटसाठी पेन्सिलची रेघ तळापासून १ सेंमीवर, बरणीत सॉल्व्हंट जेमतेम ५ मिमी. बरणीत गाळणकागद लावून १० मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर कडेचे स्पॉट मधल्यांच्या पुढे पळतात. हवेतला ओलावा शोषलेल्या प्लेटवर आरएफ (स्पॉटने कापलेलं अंतर भागिले सॉल्व्हंटने कापलेलं अंतर) वाढतो. ११० अंशाला अर्धा तास तापवून शोषकपात्रात (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या झाकबंद भांड्यात) थंड केली की ती ताळ्यावर येते.

ओळख पटवताना नुसत्या आरएफवर कधीच विसंबू नये. एकाच पट्टीवर नमुना, शुद्ध पदार्थ आणि मध्ये दोन्ही एकावर एक लावा. मधला स्पॉट यूव्हीखाली इंग्रजी आठच्या आकड्यासारखा कमरेत आवळलेला दिसला, तर पदार्थ दोन आहेत. गोल दिसला तरी हेक्झेन-इथिल अ‍ॅसिटेटचा सॉल्व्हंट बदलून डायक्लोरोमिथेनमध्ये पुन्हा चालवावं. तिथेही जुळला, तरच पुढच्या तपासणीला न्यावं.

यूव्हीत न दिसणाऱ्या पदार्थांना आयोडीनची वाफ चांगली चालते. डाग उडून जातात, म्हणून लगेच पेन्सिलने गोल करावेत. सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवायचं असेल तिथे मात्र ही प्लेट नको: आम्ल अ‍ॅल्युमिनियम खातं. त्या कामासाठी काचेच्या थोड्या प्लेट जवळ ठेवाव्याच लागतात.